येळवसची अंबील आणि शिडाची बोट

गौरम्माअक्का माझी थोरली जाऊ. उदगीरच्या बाजारात तिचं किराणा दुकान आहे. कुठली डाळ न्यायची हे तिथं गिऱ्हाईक ठरवत नाही, अक्का ठरवते. घरीही तसंच. तिच्या शब्दापुढं कुणाचं काही चाललं नाही, चाललं ते फक्त तिच्या लेकीचं. वर्षाराणी नौदलात गेली, आणि तीन मैत्रिणींबरोबर शिडाच्या बोटीतून पृथ्वीला वळसा घालून आली. ते दिवस अक्कानं कसे काढले हे मी बघितलंय. तराजू हातात तसाच धरून एकदम विचारायची, "मंजे, आता कुठं आसंल गं?" मी जन्मात समुद्र बघितलेला नव्हता, मी काय कपाळ सांगणार!

ती बोट आता बंदरावरच्या संग्रहालयात ठेवलीय. आणि परवा वर्षाराणीला पुन्हा बोलावणं आलं. या खेपेला दुसऱ्या बोटीतून, एकटीनं जायचं. पोरीनं फोनवर साफ सांगितलं, "अव्वा, तू न्हाई म्हनलीस तर मी जाणार न्हाई."

अक्कानं नाहीच म्हणायचं ठरवलं. पण ते तोंडावर, फोनवर नाही. त्यातच येळवस आली. या अमावस्येला आमच्याकडं गावंच्या गावं रानात जेवतात, आणि पिकाला सांभाळ म्हणत उभ्या रानाभोवती अंबील शिंपडतात. लेकीला रजा नव्हती, म्हणून अक्कानं येळवसच तिच्याकडं न्यायची ठरवली. भज्जी, उंडे, तिळाच्या पोळ्या, आणि ताकात आंबवलेली ज्वारीची अंबील. ती एरवी मडक्यात न्यायची, तोंडाला नुसतं फडकं. रेल्वेत सांडेल म्हणून अक्कानं प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरली आणि झाकण करकचून आवळलं. मी म्हटलं, "अक्का, फुगंल ती." "तुला लई कळतंय," म्हणाली. मी कॅन उचलला. मला काय पडलंय?

गाडीतून उतरल्यावर वर्षाराणीनं आम्हा दोघींना सामानासकट आधी बोट बघायला संग्रहालयात नेलं. तिथं भिंतीभर जुन्या सफरींचे नकाशे होते, होकायंत्रं होती, वादळात फाटलेलं एक शीडही होतं. कोण कुठल्या तुफानातून कसं निघालं ते वर्षाराणी रंगून सांगत होती. अक्काचे कान तिकडं नव्हतेच. ती बोटीपाशी जाऊन हबकून उभी राहिली. केवढीशी ती बोट! आमची धान्याची खोली मोठी असेल. वर्षाराणीनं तिला आत नेलं. झोपायच्या फळीला एक रुंद पट्टा होता.

"ह्यो कशाला?"

"झोपेत खाली पडू न्हाई म्हनून, अव्वा."

अक्का तो पट्टा हातात घेऊन बसून राहिली. तिचे डोळे भरले, माझेही भरले. आता ही नाही म्हणणार, आणि म्हणू दे, असंच मलाही वाटलं. लेकरू आहे ते.

खाली उतरल्यावर अक्का बोलायला लागली, पण मधेच माझ्याकडं वळली. "घसा सुकलाय. अंबील दे," म्हणाली. मी कॅनचं झाकण जरा फिरवलं मात्र, फस्सकन सगळी अंबील उडाली! बोटीची अख्खी कूस माखली, पहारेकऱ्याची टोपीसुद्धा. तो ओरडत धावून आला. दुसरी कुणी ओशाळली असती. अक्का त्यालाच म्हणाली, "येळवसची हाय दादा, चांगली असती. जेवायला या." तो बिचारा फडकं आणायला गेला.

वर्षाराणी पोट धरून हसत होती. "अव्वा, शिंपडलीस की गं बोटीला! मंग जाऊ ना मी?"

अक्का हसली नाही. बोटीवरून ओघळणाऱ्या अंबिलीकडं बघत राहिली. मग पदरानं डोळे पुसले, कॅन उचलून हलवून बघितला. तळाला थोडी उरली होती.

"हिला शिंपडून काय उपेग?" ती म्हणाली. "ही तर घरी आलेली हाय. जाणारी कुठं हाय, ती दाव."