राहीच्या अंगणातली मिरी

राहीचा नवरा गेला तेव्हा तिच्याजवळ उरली दिवेआगरची लहानशी पोफळींची वाडी आणि पोफळींवर चढलेले मिरीचे वेल. गावात घरटी थोडीथोडी मिरी होतीच. व्यापारी दारात यायचा, हिरवेच घोस पडेल भावात ओरबाडून न्यायचा.

१९५३ साली राहीने त्याला परत पाठवलं. घोसात एखादा दाणा लाल दिसला की मगच ती काढायची, दाणे उकळत्या पाण्यातून काढून चटईवर कडक उन्हात वाळवायची. मिरी काळीभोर व्हायची. हळूहळू अकरा बायका तिच्या अंगणात आपला माल आणू लागल्या. राही प्रत्येकीची मिरी स्वतः पाखडून पोत्यात भरायची आणि तिचा म्हसळ्याचा भाऊ भागोजी ती गलबतातून मुंबईला दलालाकडे न्यायचा.

तीन वर्षं चांगली गेली. चौथ्या वर्षी भागोजी पोत्यांसकट परत आला.

"पपईच्या बिया निघाल्या," तो म्हणाला. "दलालानं मूठभर मिरी पान्यात टाकून दाखवली, बिया वर तरंगल्या. पुन्हा येऊ नका म्हनला."

बायकांच्या नजरा राहीकडे वळल्या. फक्त आवडाबाई खाली बघत होती. तिचा नवरा पोफळीवरून पडून वर्षभर अंथरुणाला होता, आणि राही तापात असताना आवडाबाईचा माल न पाखडताच पोत्यात गेला होता. राहीला सगळं कळलं.

"चूक माझी. मी बघायला हवं होतं," ती म्हणाली.

बायका उठून गेल्या. आठवडाभरात व्यापारी पुन्हा दारोदार फिरू लागला.

एका दुपारी आवडाबाई आली. "वैनी, माझं नाव का न्हाय घेतलंत?"

"घेतलं असतं तर तुझी मिरी कुनी घेतली असती?"

"आता तुमची कोन घेतो?"

राहीने परत आलेलं एक पोतं उघडलं आणि सूप पुढ्यात ओढलं. दोघींनी महिनाभर बसून दाणा न् दाणा निवडला. भागोजी पुन्हा मुंबईला गेला. दलालाने पोत्याचं तोंडसुद्धा सोडू दिलं नाही. शेवटी ती मिरी दारातल्या व्यापाऱ्यालाच द्यावी लागली, हिरव्या मिरीच्या भावात.

दोन पावसाळ्यांनी वेल मुळातून कुजले. राहीने नवे लावले नाहीत. पुढे ती म्हसळ्याला भावाकडे राहायला गेली. तिथे कुणी मिरीचा विषय काढला की ती उठून आत जायची.