सरांची उदाहरणं

पालघरच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवायला लागले तेव्हा विभागात आम्ही दोघंच होतो, मी आणि विभागप्रमुख सर. सर केळव्याचे. घरची नारळ-सुपारीची वाडी. सकाळी झाडांना पाणी सोडून मग कॉलेजला येत. सुरुवातीला मी त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसत असे. संभाव्यता शिकवताना ते व्याख्येपासून कधीच सुरुवात करत नसत. टोपलीत नारळ आहेत, काही आतून खराब, बाहेरून सगळे सारखेच. आता न बघता दोन उचला, असं म्हणत, आणि वर्ग आपोआप हिशेबाला लागे.

पण हे सगळं फळ्यावरच राहायचं. सर नोट्स देत नसत. पूर्वी देत. मग बोईसरच्या एका खासगी क्लासमध्ये त्यांच्याच नोट्स त्यांचं नाव काढून वाटलेल्या त्यांनी पाहिल्या. त्यांनी कुणाशी भांडण केलं नाही, नोट्स तेवढ्या बंद केल्या. हे त्यांनीच मला एकदा बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं.

इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या प्रती ग्रंथालयात मोजक्याच. बोईसर-तारापूरच्या कारखान्यात पाळी करून येणारी मुलं कुणीतरी मोबाइलवर काढलेले पानांचे फोटो वाचत, त्यातही कडेचे शब्द कापलेले. अशात मला इंटरनेटवर परदेशातल्या प्राध्यापकांनी लिहिलेलं एक खुलं पुस्तक सापडलं. ते नुसतं फुकट नव्हतं. कुणीही उतरवून घ्यावं, छापावं, भाषांतर करावं, उदाहरणं बदलावीत. फक्त मूळ लेखकांचं नाव द्यायचं. सरांना दाखवलं तर त्यांनी चष्मा काढून विचारलं, एवढी मेहनत करून लोक हे असं सोडून का देतात? मी पुढची पानं उघडून दाखवत गेले. पुस्तकातली उदाहरणं बर्फाची आणि बेसबॉलची होती, म्हणून मी त्यांच्याकडे त्यांची उदाहरणं मागितली. ते नाही म्हणाले. तुटकपणे नाही, पण पुन्हा विचारायची सोय राहणार नाही असं.

मग मी एकटीनेच पहिल्या प्रकरणाचं मराठी केलं. बरेच दिवस खपले. वर्गात एका मुलीला मोठ्याने वाचायला सांगितलं. ती सातपाटीची, हुशार आणि बोलायला मोकळी. ‘यादृच्छिक चल’पाशी, म्हणजे रँडम व्हेरिएबलपाशी, ती अडखळली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली.

“मॅडम, यापेक्षा इंग्रजीच बरं हाय,” ती म्हणाली. वर्ग हसला. मीही हसले, पण स्टाफरूममध्ये येईपर्यंत चेहरा उतरला असावा, कारण सरांनी काय झालं ते विचारलं. मी कागद त्यांच्यापुढे ठेवले.

ते वाचत गेले. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “हे वाक्य तुम्ही वर्गात असं बोलाल का?”

मी म्हटलं, नाही.

“मग लिहिता कशाला?”

त्यांनी पेन काढलं. मुलांना चुकीचं शिकवलेलं त्यांना जसं बघवत नसे, तसं अवघड करून सांगितलेलंही बघवत नसे. बेसबॉलवर काट मारली आणि वर नारळांची टोपली लिहिली. आपण काय करतोय हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा पान भरून गेलं होतं. त्यानंतर ते रोज थोडं बसू लागले. त्या वर्षी आमचं प्रकरण असं तयार झालं की मुलं ते अर्थ न विचारता वाचू लागली.

खरी अडचण ते इंटरनेटवर ठेवताना आली. सरांनी सरळ विचारलं, उद्या कुणी माझं नाव काढलं तर? मी खोटं सांगितलं नाही. नाव ठेवायचं ही अट आहे, पण ती मोडणाऱ्याला आपण इथून काही करू शकू असं मला वाटत नाही, म्हटलं. विषय तसाच राहिला. एक दिवस फळा पुसता पुसता सर आपणहून म्हणाले, “द्या ठेवून. मी निवृत्त झालो की हे असंही पुसलंच जाणार आहे.”

पुढच्या वर्षी विदर्भातल्या एका प्राध्यापकांची मेल आली. आमचं प्रकरण त्यांनी त्यांच्या वर्गासाठी घेतलं होतं. नारळांच्या जागी संत्री केली होती आणि खाली आम्हा दोघांची नावं तशीच ठेवली होती. शेवटी नम्रपणे लिहिलं होतं की एका उदाहरणात प्रश्न ‘निदान एक खराब’ असा आहे आणि उत्तर मात्र ‘नेमका एक खराब’ याचं आहे. सरांनी कागद घेतला, स्वतः पुन्हा मांडून पाहिलं. चूक खरीच होती. मला वाटलं, आता सर पुन्हा सगळं बंद करतील.

“इतकी वर्षं फळ्यावर हेच लिहीत आलो,” ते म्हणाले. “वर्गात कुणी बोललं नाही. यांनी परक्या गावाहून सांगितलं.” मग त्यांनी विचारलं, दुरुस्त करता येतं ना? मी म्हटलं, आत्ता येतं. ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले, दुरुस्ती झाल्यावर उत्तर एकदा वाचून खात्री केली, आणि त्या प्राध्यापकांचं नाव आभारात घालायला लावलं. मेलचं उत्तर त्यांनी स्वतः लिहिलं. त्यात संत्र्यांबद्दलही दोन ओळी होत्या. खराब संत्रं बाहेरून कळतं का, असं त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

लोक असं सोडून का देतात, याचं उत्तर मला अजूनही एका वाक्यात येत नाही. दातृत्व हा शब्द मला मोठा वाटतो. आपल्याच पानावर दुसऱ्याची दुरुस्ती वाचताना सरांना राग आला नाही, सोबत मिळाल्यासारखं वाटलं, एवढं मी जवळून पाहिलं. बोईसरच्या त्या क्लासमध्ये अजून कुठल्या नोट्स वाटल्या जातात, मला माहीत नाही. सरांनीही कधी चौकशी केली नाही.

ते आता निवृत्त आहेत. यंदा बोईसरहून येणाऱ्या काही मुलांनी प्रकरण हिंदीत करायला घेतलंय; त्यांच्या घरी हिंदीच बोलतात. मुलं केलेली पानं सरांना पाठवतात. सरांचं हिंदी कच्चं आहे, त्यामुळे ते मुलांना फोन लावतात, एकेका वाक्याचा अर्थ विचारतात, आणि मग सांगतात की वर्गात असं कुणी बोलत नाही.