घसरगुंडीवरचे अण्णा

"ओ साहेब, खाली उतरा, ती मुलांची आहे," बागेचा राखणदार कन्नडमध्ये ओरडत होता. घसरगुंडीच्या टोकावर आमचे शेजारी, वजनाने साधारण आमची अर्धी जयनगर वसाहत, पँट सावरत शांत बसले होते.

"स्वल्प थांब रे," ते म्हणाले, "मुलांसाठीच बसलोय."

बँकेतले कारकून, घरात मूलबाळ नाही, सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. एका बागेत घसरगुंडीच्या पत्र्याने माझ्या लेकीची, चिमीची, पोटरी कापली, तेव्हापासून बागेचं फाटक दिसलं की पोरगी माझ्या मानेवर चढायची. म्हणून दर रविवारी अण्णा आम्हाला घेऊन चांगली बाग शोधायला निघत. पार शहराबाहेर देवनहळ्ळीच्या किल्ल्यापर्यंत एकही घसरगुंडी त्यांच्या वजनातून सुटली नसेल.

अण्णा घसरले. अर्ध्यावर असा टर्रकन आवाज झाला की तिकडे के. आर. पुरम स्टेशनात आगगाडी थांबली असावी. फाटक्या पँटकडे त्यांनी पाहिलंही नाही. वर आलेला पत्रा बोटाने चाचपला, राखणदाराकडून दगड मागून ठोकून बसवला आणि पुन्हा वर चढले. या खेपेला आवाज आला नाही.

चिमीने ते सगळं पाहिलं, माझा हात सोडला आणि शिडी चढली. थोड्या वेळाने तर तो राखणदारच खाली तिला झेलायला उभा होता.

मी म्हटलं, "अण्णा, तुमचे उपकार कसे फेडू? निदान घरी चला, पँट तरी शिवून देतो."

शर्ट काढून कमरेला गुंडाळत ते म्हणाले, "झोपाळा राहिलाय अजून."