रेट मी वाढवला

"हे हॉस्पिटल आहे, मासळीबाजार नाही. इथे 'न्हाय' म्हणत नाहीत."

डॉक्टर मला बोलले. सकाळचा राउंड चालू होता. दोन ज्युनियर डॉक्टर हसले. पेशंटची सूनही हसली, मग तिने तोंडाला ओढणी लावली. मी पेशंटच्या उजव्या हाताशी उभी होते.

मी समुद्रकाठच्या डोंगरी गावाची. कोळ्याची मुलगी. घरी आम्ही हाय-न्हायच बोलतो. नर्सिंग कॉलेजात चार वर्षं जीभ घासून साफ केली. पण घाबरले की घरची बोली बाहेर येते.

घाबरायला कारण होतं. आयसीयूतून जरा सावरलेले पेशंट आमच्या एचडीयूत येतात. मला तिथे चौथा महिना. नव्या नर्सनी कुठली ड्रिप सांभाळायची याची यादी कपाटावर चिकटवलेली होती. हेपरिन, इन्सुलिन चालेल. तेही ठरवून दिलेल्या रेटने, दुसऱ्या नर्सकडून तपासून. नॉरॲडला मात्र सिनियर सोबत असल्याशिवाय हात लावायचा नाही. पडलेला रक्तदाब वर धरून ठेवणारं ते औषध.

या पेशंटला, काकांना, तेच चालू होतं. बेव्हर्ली पार्कात त्यांचं शिलाईचं दुकान. आयसीयूत कुणा मोठ्या माणसाला बेड हवा होता, म्हणून काकांना घाईने आमच्याकडे धाडलेलं. सिनियर सिस्टरला दुसऱ्या वॉर्डात पाठवलं होतं. औषध हातातल्या बारीक शिरेतून जात होतं. सुईभोवतीची कातडी पांढरी पडलेली मला दिसली. हात लावला तर गार. हे औषध शिरेबाहेर गळलं तर तिथलं मांस मरतं, एवढं मी शिकले होते.

डॉक्टर म्हणाले, "बीपी खाली आहे. रेट वाढव."

"सर, हात पांढरा पडलाय. लाइन बरोबर न्हाय. आणि सिनियर सिस्टर..."

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. मासळीबाजार काढला.

माझे कान तापले. मी मान खाली घातली आणि पंपाचं बटण दाबलं. रेट मी वाढवला. माझा हात धरून कुणी ते करवलं नव्हतं. सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून हटाव्यात, एवढंच मला हवं होतं.

हटल्या. राउंड पुढे गेला.

दुपारपर्यंत काकांच्या हाताचा मागचा भाग काळानिळा झाला. धावपळ झाली. लाइन बदलली, सर्जन आले. कातडी मेली होती.

संध्याकाळी घरी आईने विचारलं, "काय झाला गो?" मी डोकं दुखतंय म्हटलं. तिला काय सांगणार? तिला तर अभिमान होता, आपली पोर मशीन चालवते.

दुसऱ्या दिवशी मेट्रन मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'स्टाफने स्वतःच्या मनाने रेट वाढवला.'

"सही कर," मॅडम म्हणाल्या. "नवीन आहेस, वॉर्निंगवर मिटवू. सरांचं नाव कशाला यात?"

पेन हातात होतं. सही केली तर नोकरी शाबूत राहणार होती. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. काल मला मान खाली घालायला लावली. आज त्याच मानेवर हे ठेवत होते.

"वाढवला मी, मॅडम. माझ्या मनाने नाही. मी माझं लिहून देते."

"विचार कर."

"केला."

कोरा कागद मागून घेतला. मला काय दिसलं, मी काय म्हणाले, सर काय म्हणाले, ते शब्दाला शब्द लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, 'धोका मला कळला होता. तरी मी बटण दाबलं.' पोच घेतली.

राउंडच्या वेळी शेजारच्या बेडच्या ड्यूटीवर माझ्याच बॅचची मैत्रीण होती. रोज एका डब्यात जेवायचो. तिला साक्ष विचारली.

"मी काही ऐकलं नाही यार. मला नोकरी हवीय."

त्या दिवसापासून ती दुसऱ्या टेबलावर जेवते. माझ्या टेबलावर कुणीच बसत नाही. मी आले की बोलणं थांबतं.

काकांकडे गेले. हातावर जाड पट्टी. त्यांनी विचारलं, "सिस्टर, कात्री धरता येईल ना?"

"माहीत नाही, काका. तुमचा हात बिघडतोय हे मला दिसलं होतं. तरी मी औषध वाढवलं."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. माफी मिळावी म्हणून मी गेले नव्हते. तरी रडू आलं. लिनन रूममध्ये एकटी जाऊन रडले.

आता चौकशी लागलीये. मला ओपीडीत केसपेपर वाटायला बसवलंय. कमिटीत पाच जण आहेत, चौघे त्या डॉक्टरांच्या रोजच्या उठबशीतले. माझ्या बाजूने कुणी येणार नाही, हे मला ठाऊक आहे. डॉक्टर समोर बसतील. मी आधी माझा गुन्हा सांगेन, पूर्ण. मग त्यांच्या डोळ्यांत बघून त्यांचा सांगेन.