टेबलावरून उतरवलेली बाई

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरात सगळे म्हणतात. चहा गार मिळाला की चिडतो, मोटार उशिरा आली की चिडतो, हे खरं आहे. पण ते राग दुपारपर्यंत उतरतात. एक राग मात्र उतरला नाही. तो स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती तेव्हाचा आहे, आणि तो उतरू नये असंच मला वाटतं.

तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मिळून एकच चांदा जिल्हा, चांदा म्हणजे आताचं चंद्रपूर. चामोर्शीच्या पुढे, जंगलाच्या कडेला असलेल्या एका गावच्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक म्हणतील, आमच्याच गावाला बोल का लावता. कागदावर माझं काम जखमा धुण्याचं आणि पट्ट्या बांधण्याचं. पण दर बुधवारी चांद्याहून शस्त्रक्रियेचे डॉक्टर यायचे, आणि त्या दिवशी मी हत्यारं उकळायचो, रोग्याला टेबलावर घ्यायचो, त्याच्या नाकावर जाळी धरून क्लोरोफॉर्मचे थेंब सोडायचो, डॉक्टरांच्या हातात चिमटा द्यायचो आणि सगळं उरकल्यावर फरशी धुवायचो. पगार तेवढा एकट्या ड्रेसरचा मिळायचा.

डॉक्टरांचा हात फार चांगला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरं बोलणार नाही. त्यांनी घातलेला टाका बघत राहावा असा असे. पण माणूस मिंधा होता. सरकारी जीप कायमची बिघडलेली, म्हणून ते जंगलाच्या एका मोठ्या ठेकेदाराच्या जीपमधून यायचे. ऑपरेशनचं टेबलही त्याच ठेकेदाराने दवाखान्याला दिलेलं होतं. टेबलाच्या कडेला पांढऱ्या रंगात त्याचं नाव, गाव आणि ‘यांजकडून सप्रेम भेट’ असं ठळक लिहिलेलं होतं. रोग्याला झोपवलं की ती अक्षरं बरोबर माझ्या नजरेसमोर यायची. मरणाच्या दारातला माणूस असो की गळवाचा, मला आधी ठेकेदाराचं नाव वाचावं लागे.

चैत्राचे दिवस होते. आमच्याकडे चैत्र म्हणजे मोहफुलं. बाया पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात जातात, कारण फुलं रात्री गळतात आणि उन्हं चढली की कोमेजतात. अस्वलालाही मोहफुलं आवडतात आणि त्यालाही पहाटेचीच वेळ सोयीची पडते. दर वर्षी एक-दोन बाया अस्वलाच्या तावडीत सापडायच्याच. अस्वल वाघासारखं मारून टाकत नाही, ते तोंडावर पंजा मारतं.

त्या बुधवारी नऊच्या सुमाराला अशीच एक बाई बैलगाडीतून आली. चार कोसांवरच्या गावातली, धानाच्या शेतीतली, तिशीच्या आतबाहेरची. नवरा गाडी हाकत होता. तिच्या चेहऱ्याची डावी बाजू जुन्या लुगड्याच्या ओल्या धडप्याने झाकलेली होती आणि आत हळद भरलेली होती. ती गाडीतून स्वतः उतरली, स्वतः चालत पायऱ्या चढली. मी धडपं सोडवलं. डोक्यापासून गालापर्यंत कातडी सुटून लोंबत होती आणि डोळ्याची वरची पापणी एका कोपऱ्याला जेमतेम धरून होती. डोळा मात्र शाबूत होता. तो माझ्याकडे बघत होता.

मी तासभर तिच्या जखमा धुतल्या. हळद काढली, काडीकचरा काढला, केस कापले. तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांना सोडून जीप परत गेली. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले की गालाचं काही अवघड नाही, प्रश्न पापणीचा आहे. ती आज नीट बसवली तर वाचेल आणि डोळाही वाचेल. पापणी गेली तर डोळा उघडा राहील, सुकेल आणि जाईल. पण पापणी शिवायची तर बाई ठार झोपलेली हवी, जराही हलता कामा नये. क्लोरोफॉर्म किती आहे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की एकाच रोग्याला पुरेल एवढा. पुढची पेटी नागपूरहून रेल्वेने नागभीडला यायची होती आणि तिथून मोटारीने आमच्याकडे, म्हणजे आठ दिवस तरी नक्कीच. टोचून बधिर करायचं औषध महिन्याभरापूर्वीच संपलेलं. टाक्यांचा धागाही बेताचा होता. डॉक्टर म्हणाले, पुरे आहे. मी बाईला टेबलावर घेतलं, जाळी हातात घेतली. डॉक्टर हात धूत होते.

एवढ्यात जीपचा हॉर्न वाजला, एकदा नाही, थांबेचना. ठेकेदार आत आले, त्यांच्या मागून दोन माणसं चादरीत एक शिकारी कुत्रं घेऊन आली. ठेकेदारांकडे शिकारीला बडे पाहुणे उतरले होते, त्यांचं ते विलायती जातीचं कुत्रं. रानडुकराने त्याचं पोट फाडलं होतं. ते रडत होतं, अगदी माणसासारखं रडत होतं. ठेकेदार डॉक्टरांना म्हणाले की पाहुण्यांपुढे माझी इज्जत जाते आहे, एवढं काम करा.

डॉक्टरांनी हात पुसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाईला जरा बाहेर बसव.”

मी म्हणालो, “डॉक्टर, बाई टेबलावर आहे.”

“दिसतंय मला. अर्ध्या तासाचं काम आहे.”

इथे मी जाळी खाली ठेवायला नको होती. दारात उभं राहून नाही म्हणायला हवं होतं. नोकरी गेली असती तर गेली असती, घरी धानाची शेती होती, उपाशी मेलो नसतो. पण तळपायाची आग मस्तकात गेली असताना माझे हात मात्र मुकाट्याने हुकूम पाळत होते. मी तिच्या पाठीखाली हात घातला आणि तिला उठवलं. तिला म्हणालो, “थोडा वेळ बाहेर बसा, बाई. लगेच घेतो.” तिने काऊन म्हणून विचारलंसुद्धा नाही. एका हाताने गालावरची पट्टी धरून ती टेबलावरून उतरली आणि बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसली. तिच्या जागी मी कुत्रं ठेवलं.

कुत्रं तोंडाला जाळी लावू देईना. धरायला धड माणूस हवा होता. ठेकेदारांची माणसं चावायच्या भीतीने मागे सरत होती. तेव्हा डॉक्टरांनी बाहेर उभ्या असलेल्या त्या बाईच्या नवऱ्याला आत बोलावलं. त्याला वाटलं बायकोसाठी बोलावलंय, म्हणून तो धावत आला. त्याला कुत्र्याचे मागचे पाय धरायला सांगितले. त्याने धरले. कुत्रं शांत होईपर्यंत तो वाकून ते पाय धरून उभा होता, आणि त्याचे मनगटापर्यंत तिच्या रक्ताने माखलेले हात मला समोर दिसत होते.

अर्ध्या तासाचं काम दीड तास चाललं. आतडं शिवायचं, मग पोटाचे थर शिवायचे. वरची कातडी शिवताना ठेकेदार म्हणाले की शिवण दिसू नये, कुत्रं उमदं आहे. डॉक्टरांनी शिवणही सुंदर घातली. क्लोरोफॉर्मची बाटली माझ्याच हाताने रिकामी झाली. शेवटचा थेंब पडला तेव्हा मी बाटली त्यांच्यासमोर आडवी धरून दाखवली. त्यांनी बघितलं आणि मान खाली घातली. टाक्यांचा धागाही संपला होता.

ठेकेदार जेवणाचं आमंत्रण देऊन कुत्र्यासकट गेले. डॉक्टर मला म्हणाले, धागा बघ कुठे मिळतो का. मी बाजारात धावलो. तिथे एक म्हातारे मुसलमान शिंपी होते, लग्नाच्या शेरवान्या शिवायचे. त्यांनी विचारलं, कापड कोणतं? मी म्हणालो, बाईचा चेहरा आहे. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग मशीनच्या खणातून रेशमाचं सगळ्यात बारीक रीळ काढलं आणि अख्खं माझ्या हातात ठेवलं. “पूरा ले जाव, भाई. जोड दिखना नहीं मंगता,” म्हणाले. त्या दिवशी त्या सगळ्या गावात माणसासारखं बोललेला हा एवढा एकच माणूस.

मी धागा उकळला. बाईला पुन्हा टेबलावर घेतलं आणि तिला खरं काय ते सांगितलं, की झोपायचं औषध उरलं नाही. ती म्हणाली, “शिवा जी.” नवऱ्याने तिचं डोकं धरलं, मी हात धरले. गाल शिवताना ती हूं का चूं करत नव्हती, फक्त तिची नखं माझ्या मनगटात रुतत होती. पण पापणी माणसाच्या हुकुमात नसते. सुई जवळ आली की ती उडायचीच. बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, “मी नाई हालवून राह्यली जी, ते आपोआपच हालते.” डॉक्टरांनी तीनदा टाका घेतला, तीनदा तो निसटला. तिसऱ्या वेळी तो कोपराही फाटला आणि पापणी हातात आली. डॉक्टरांनी ती बशीत ठेवली. बशीत कुत्र्याच्या वेळचा कापूस अजून तसाच होता.

हत्यारं धुताना मी डॉक्टरांना बोललो. जन्मात कोणा वरच्याला बोललो नव्हतो ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले की जीप बंद झाली तर बुधवार बंद होईल, आणि बुधवार बंद झाला तर अशा कितीतरी बायांना गाल शिवायलाही कोणी मिळणार नाही. बोलणं बिनतोड होतं. त्यामुळेच माझा संताप दुप्पट झाला. बळी तो कान पिळी हे मला ठाऊक होतं. पण कान पिळून घेण्याचंही असं समर्थन करता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी काय केलं म्हणाल, तर एक फालतू गोष्ट केली. पुढच्या बुधवारपासून टेबल धुताना मी त्या पांढऱ्या नावावर काथ्याचा ब्रश जास्त घासायला लागलो. आधी ‘सप्रेम’ गेलं, मग गाव गेलं. डॉक्टरांनी एकदा विचारलं की अक्षरं कशी पुसट झाली. मी म्हणालो, धुवायचं कार्बोलिक फार कडक आलंय. त्यांना कळलं असणार, ते हात धुवायला वळले. पाहुणे निघून गेले, कुत्रं जखम भरेपर्यंत म्हणून ठेकेदारांकडे राहिलं ते राहिलंच. दर बुधवारी ते जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून यायचं आणि डॉक्टर मागे बसायचे. मला बघितलं की ते उतरून माझे हात चाटायचं. त्याच्यावर मला रागावता आलं नाही, त्या मुक्या जनावराने माझं काय घोडं मारलं होतं?

बाई मधे टाके काढून घ्यायला आली होती. नंतर आली ती पावसाळा सरल्यावर, नवऱ्याबरोबर. गालावर शिंप्याच्या रेशमाची रेघ खरोखरच बारीक होती, पण डोळा पांढरा झाला होता. सहा महिने उघडा राहून सुकून गेला होता. डॉक्टरांनी बघितलं आणि आता काही होणार नाही म्हणून सांगितलं. तिने मान हलवली. नवऱ्याने डॉक्टरांना हात जोडले. मला तिथे उभं राहवेना म्हणून मी बाहेर कडुनिंबाखाली येऊन बसलो. थोड्या वेळाने तीही येऊन तिथेच टेकली, जिथे त्या दिवशी दीड तास बसली होती.

मी मनाशी वाक्य जुळवत होतो. तुम्हाला मीच टेबलावरून उतरवलं, बाई, असं सांगायचं होतं. तिने शिव्या द्याव्यात अशी माझी फार इच्छा होती. तिनेच आधी विचारलं, “भाऊ, त्या दिवशीचं ते कुत्रं जगलं का जी?”

मी जीपकडे बोट दाखवलं. कुत्रं पुढच्या सीटवर बसलं होतं. तिने मान पूर्ण वळवली, कारण त्या बाजूने तिला आता दिसत नव्हतं, आणि चांगल्या डोळ्याने त्याच्याकडे बघत राहिली.

“बरं झालं,” ती म्हणाली. “लय रडून राह्यलं होतं बिचारं.”

ठेकेदाराचा, डॉक्टरांचा आणि माझा स्वतःचा मिळून जेवढा राग माझ्याजवळ होता, त्याहून जास्त राग मला त्या क्षणी तिचा आला. मी उठलो आणि आत निघून गेलो. जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं.