पुढच्या खोलीतला जावाचा क्लास

"ड्रॉइंग उडत नाही," असं म्हणून सर चष्मा कपाळावर सरकवायचे. प्रोग्रॅममधला क्लास म्हणजे विमानाचं ड्रॉइंग आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून बनलेलं विमान, असा त्यांचा पहिला धडा. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांची उभी हयात ड्रॉइंग काढण्यात गेली होती. निवृत्तीनंतर नाशिकरोडच्या घरी, पुढच्या खोलीत, ते आम्हा पाच-सहा जणांना जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवत. मुलगा बंगळुरूला बोलवायचा; सर काही जात नसत.

मी तेव्हा तेहतीस वर्षांची. शाळेतली कारकुनी सुटणार होती, दुसरं काही येत नव्हतं. आमच्या कॉलनीतल्या विहारात अभ्यासिका आहे. तिथल्या पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्रॅम करून आणायला सरांनी सांगितलं. मी इंटरनेटवरून उचलला. छान चालला.

सर म्हणाले, शब्दकोश कुणाला घरी नेता येऊ नये, एवढा बदल कर. अर्धा तास मी कीबोर्डवर नुसती बोटं फिरवत राहिले. शेवटी कबूल केलं, हा माझा नाही.

त्यांनी बाकीच्यांना घरी पाठवलं. मला वाटलं, आता मलाही कायमचं पाठवणार.

"मीही वर्षभर नुसती मान डोलावली होती," ते म्हणाले. "पंचावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटर समोर आला. कळत नाही म्हणायची लाज वाटायची. तू महिन्यात बोललीस."

तो प्रोग्रॅम आम्ही पुसला. पुस्तक, वाचक, देवघेव, असा एकेक क्लास आधी कागदावर मांडला. तीन आठवडे लागले. शब्दकोशाला पुस्तकाचे सगळे गुण मिळाले, फक्त जागचं हलायचं नाही. "माझ्यावर गेलाय," सर हसले.

तेच काम दाखवून मला सातपूरला नोकरी लागली. पुढच्या रविवारी जाऊन सरांना तिथलं माझं काम दाखवू, असं म्हणता म्हणता सहा महिने गेले. तुमचंही कुणाच्या तरी बाबतीत असं झालं असेल.

शेवटी गेले तेव्हा सरांच्या पत्नीनं, काकूंनी, दार उघडलं. सरांना जाऊन महिना झाला होता. माझा नंबर त्यांना सापडला नव्हता. मी उठू लागले, तर काकूंनी लॅपटॉपच्या पिशवीकडे पाहिलं.

"त्यांना दाखवायला आणलं होतंस ना? मला दाखव."

मी सगळं समजावलं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"आठ वर्षं आतून नुसता आवाज ऐकला गं," त्या म्हणाल्या. "काय शिकवतात, कधी विचारलं नाही. परत सांग. सावकाश सांग."