मोटरीचा पोळा

सुमनला सातवा लागला आणि आईनं फर्मान काढलं, "पोळा झाला की घेऊन ये तिला." पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. मी तिचा एकुलता भाऊ, परभणीत विज्ञान शिकवायचो, आणि मुळातच भित्रा. त्यात विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस, एस.टी. कधी बंद होईल काही नेम नाही. म्हणून पोळ्याच्या दिवशीच निघालो.

तुम्हाला सुमनच्या सासरच्या गावी जायचं असेल तर ताडकळसची गाडी धरा आणि कंडक्टरला फाट्यावर उतरवायला आधीच बजावून ठेवा. पुढं काळ्या मातीची गाडीवाट. पावसाळ्यात चपला हातात घ्याव्या लागायच्या. आता डांबर पडलंय. फाट्यावर गरम भजी मस्त मिळाली. भीती वाटली की मला भूक फार लागते.

गावाला लागून तळं आहे, आणि खरंच देखणं आहे. वरच्या अंगाला सूतगिरणीची वसाहत. तिथल्या संडास-मोऱ्यांचं पाणी पूर्वी थेट तळ्यात यायचं. आदल्या वर्षी गावात कावीळ पसरली आणि एक पोटुशी सून त्यात गेली. गरोदर बाईला ती कावीळ फार वाईट. मग शुद्धीकरणाची टाकी झाली. मोटर पाण्यात हवा सोडते, हवेवर जगणारे जंतू घाण खातात, आणि वाळूतून गाळलेलं पाणी तळ्यात जातं. दाजींनी, म्हणजे सुमनच्या नवऱ्यानं, हे सगळं कौतुकानं सांगत मला टाकी दाखवायला नेलं.

तळ्यात बैल धुणं चाललं होतं, बायका घागरी भरत होत्या. टाकीपाशी मात्र चिडीचूप, आणि नाक धरावं असा वास. मोटरीला झेंडूची माळ, बेगड, हळदकुंकू, पुढं पुरणपोळीचा नैवेद्य. टाकी सांभाळणारे किसनमामा नवा फेटा बांधून शेजारी बसले होते.

"मोटर बंद काहून, मामा?" दाजींनी विचारलं.

"पोळा हाय न्हवं? बैलाला सुट्टी, मग हिलाच काहून जुपायचं? काल बैलांची खांदेमळणी झाली तवापासून बंद हाय."

हवा नाही म्हणजे जंतू मेले, आणि घाण जशीच्या तशी तळ्यात. मी समजावून सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पोळा फुटू द्या, मंग लावतो. आज जू ठेवलं तर पाप लागतंय."

मी बटणाकडं हात नेला, तर दाजींनीच धरला. "नका गुरुजी. लय बोभाटा हुईल. सांजेपर्यंतचीच तर गोष्ट हाय."

घरी आलो तर सुमन रांजणापाशी उभी. "पुरण जड झालं, दादा. दोन तांबे पाणी प्यायले तरी तहान जाईना." सांगावं की नाही, कळेना. शेवटी सांगितलं. तिनं तांब्या खाली ठेवला आणि पोटावर हात धरून भिंतीला टेकून बसली.

संध्याकाळी वाजतगाजत पोळा फुटला, मोटर सुरू झाली. पण तळ्यात पडणारी धार काळीच होती. सकाळच्या पहिल्या गाडीनं सुमनला घेऊन निघालो.

परभणीत रोज तिला खिडकीपाशी उभं करून डोळे बघायचो. आई चिडायची, पण तीही मागून वाकून बघायची. झोप अशी लागतच नव्हती.

दसऱ्याला दाजी आले, हातात आपट्याची पानं. "गावात काई झालं न्हाई, गुरुजी. उगं घाबरवलं तुमी." मला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. सुमननं सोनं घेतलंच नाही. तिनं नवऱ्याचं तोंड उजेडाकडं वळवलं. डोळे हळदीसारखे पिवळे.

"उन्हातून आलो, म्हणून असंल," ते म्हणाले.

सुमन माझ्याकडं वळली. मला म्हणाली, "दादा, रिक्षा बघ."

दाजी महिनाभर अंथरुणात होते, मग उठले. सुमनला मुलगी झाली, दोघी सुखरूप. आता या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली, टाकीही नवी झाली. तळं बघायला जरूर जा. मी आजही तिथं गेलो की तहान मारून बसतो. सुमन तेच पाणी पीत आली, मुलीलाही तेच पाजलं. सुमनला तर तिथंच राहणं भाग होतं.